आक्का, तुमचा जाब अजून कोर्टात आहे

आक्का, तुम्ही गेलात त्याला आज पंधरा दिवस झाले, आणि माझ्या डोक्यात अजून ते लोखंडी कपाटच आहे. तुमचा चेहरा आठवायला बसते आणि कोर्टातल्या नाझरच्या खोलीतलं हिरवं कपाट दिसतं. वरच्या खणात लाखेचा ठिपका मारलेलं पाकीट. त्या पाकिटात तुमचा तानाजी आहे, तुम्हीही आहात. दोघांना तिथं मी ठेवलंय.

मला रडू आलेलं नाही. मी नुसती उठते, बसते, पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक उघडते आणि मिटते. माधवनगरला तुमच्या खोलीवर दोनदा जाऊन आले. तुमची सून हौसा गिरणीत गेलेली होती, दोन्ही वेळा कुलूप बघून परत फिरले. भेटली असती तर तिला काय विचारणार होते, हेही पुरतं ठरलेलं नव्हतं. सोमवारी तारीख आहे. हे छापून येईल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल, पण आज तो व्हायचाय, आणि मला कुठंच स्वस्थ बसवत नाही.

तुम्ही पहिल्यांदा ऑफिसात आलात तो दिवस मला नीट आठवतो. साताऱ्याहून सांगलीला येऊन, भाऊसाहेबांच्या हाताखाली वकिलीला लागून मला जेमतेम सहा महिने झाले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी मी. पक्षकार आले की वही पुढं ओढायची आणि मान खाली घालायची, एवढीच माझी वकिली. तुम्ही आलात, मागं हौसा. तुमच्या काखेत घोंगडीच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं.

“कागदपत्रं आणलीत का, आक्का?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“कागुद न्हाई. ह्यो आणलाय.” तुम्ही गाठोडं टेबलावर ठेवलंत.

“काय आहे त्यात?”

“माजा धाकला ल्योक.”

मी मान वर केली ती तेव्हा.

आतून एक छोटा टेपरेकॉर्डर निघाला आणि एक कॅसेट. त्या दिवशी तुम्ही सांगितलंत आणि मी उतरवून घेतलं, ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. तानाजी फौजेत. रजेवर आला तेव्हा शेजारच्या वाडीतल्या हौसाशी त्यानं पाट लावला. हौसा आधीच्या नवऱ्यामागं विधवा झालेली, म्हणून हे दुसरं लग्न दिवे लागायच्या वेळी, देवळामागं, आठ-दहा माणसांत झालं. फोटो नाही, कागद नाही. तानाजी परत गेला आणि सहा महिन्यांनी बर्फाखाली सापडून गेला. तुमचा थोरला महादेव, जो त्या पाटाला स्वतः उभा होता, तो आता म्हणत होता की असं काही झालंच नाही, ही बाई आमच्या घरातली कोणी नाही. त्यानं हौसाला बाहेर काढलं. तिच्यामागून तुम्हीही त्या घरातून बाहेर पडलात.

“थोरल्याविरुद्ध साक्ष द्यावी लागेल,” भाऊसाहेब म्हणाले. “जमेल?”

“त्यो बी माजाच हाय,” तुम्ही म्हणालात. “म्हणून तर मलाच बोलाय लागंल. परकं कोन बोलंल त्येला?”

मग तुम्ही स्वतःच्या बोटानं बटण दाबलंत. आधी नुसता वारा, मागं कोणीतरी हसलेलं. आणि मग तो:

“आई, मी तान्या बोलतोय. ऐकाय येतंय का? हितं लय थंडी हाय. नाक हाय का गेलं ते चाचपून बगाय लागतंय. तू कशी हायस? गुडगं दुकत्यात का अजून?”

खट्ट असा आवाज झाला. आणि टेपमधून तुम्ही बोलायला लागलात.

“व्हय रं बाळा, दुकत्यात की. थंडीत जास्त. तू जेवलास का? आवाज बसल्यागत वाटतोय. हौसा हितंच हाय, पदर तोंडात धरून हसतीया. तुजी बायकू लय गुणाची हाय बग. आल्यापास्नं मला पान्याला जाऊ दिलं न्हाई.”

पुन्हा खट्ट. आणि तानाजी, वाक्याच्या मधूनच: “...आसं दादाला सांग. आन हौसाला जप, आई. पुडल्या रजेला येतो.”

भाऊसाहेबांनी टेप थांबवली. “आक्का, मध्ये कोण बोललं हे?”

“मी.”

“तुम्ही कशा काय?”

“त्येनं इचारलं न्हवं का, कशी हायस म्हणून? म्या जाब दिला.”

रजेवर आलेल्या ज्या जवानानं ते यंत्र आणून दिलं, त्यानं सांगितलं होतं की तांबडं बटण दाबून बोलायचं आणि तीच टेप परत पाठवायची. त्यांच्या पलटणीत पुष्कळांचं असं चालायचं. ज्यांच्या आया-बायकांना वाचता येत नाही, त्यांच्या टेपा रजेवाल्यांच्या पिशवीतून जायच्या-यायच्या. पण मुलाचं सगळं बोलणं संपू द्यायचं, मग टेप उलटी करून दुसऱ्या बाजूला बोलायचं, हे त्यानं सांगितलं नाही किंवा तुम्ही ऐकलं नाही. टेप तुम्ही दोघींनी आधी एकदा पुरती ऐकली होती. दुसऱ्यांदा लावली, पोटच्या पोरानं गुडघे दुखतात का विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत. तुमचं उत्तर त्याच्या बोलण्यावर बसलं आणि खालचं पुसलं गेलं. टेप परत जायच्या आत तार आली.

“किती गेलं खालचं?” भाऊसाहेब घड्याळ बघत म्हणाले. अर्धं मिनिट भरलं.

“तितं त्येंनी माजं नाव घेतलं व्हतं,” हौसा पहिल्यांदाच बोलली.

“न्हाई गं. तितं त्यो डब्यातल्या भाजीचं सांगत व्हता.”

“न्हाई आत्याबाई, नाव घेतलं व्हतं. म्या लाजले न्हवं का?”

“तू भाजीला बी लाजतीस.”

तुम्ही दोघी भांडायला लागलात. त्या अर्ध्या मिनिटात तानाजी ‘माझी बायको’ म्हणाला होता का, यावर तानाजीची विधवा म्हणून हौसाचा सगळा हक्क अवलंबून होता, आणि तुम्ही दोघी त्यावरून हसत होता. उरलेल्या टेपमध्ये तो तिला नावानं म्हणतो, बायको म्हणत नाही. आईसमोर कोणता पोरगा म्हणेल? तो शब्द टेपवर एकदाच आहे, तुमच्या तोंडचा.

मग मी तुम्हाला कायदा समजावला. किती पुस्तकी बोलले असेन! म्हटलं, पुराव्याचा कायदा शंभर वर्षांचा आहे. गेलेल्या माणसानं, भांडण सुरू व्हायच्या आधी, अमकं माझं नात्यातलं आहे असं सांगितलं असेल, तर कोर्ट ते ऐकू शकतं. पण तो कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात ऐकणारा म्हणजे माणूस होता. आता ऐकणारं यंत्र आलंय, आणि न्यायाधीश एकेका खटल्यात त्याला जुन्या कायद्यात बसवतायत. आवाज कोणाचा हे ओळखीच्या माणसानं सांगायला हवं. आणि टेपमध्ये काही पुसलेलं, घातलेलं नको.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. “म्हंजी तुजा कायदा म्हणतोय, आईनं मदी बोलायचं न्हाई.”

मी वहीत काहीतरी लिहायचं सोंग केलं.

तुमच्या खोलीच्या खिडकीत सेल वाळत घातलेले असायचे, सांडग्यांसारखे ओळीनं. संपत आलेले सेल उन्हात तापवले की थोडे चालतात. पण त्या सेलांवर तानाजीचा आवाज जड यायचा, ओढल्यासारखा. “आज दमल्यागत बोलतोय पोरगा,” तुम्ही म्हणायचात. “ड्युटी जास्त पडली असंल.”  पुढच्या वेळी मी नवे सेल घेऊन आले. “आज ताजा हाय,” तुम्ही म्हणालात आणि मला चहा दिलात.

कोर्टात टेपबरोबर तिच्यातलं बोलणं लिहूनही द्यावं लागतं. मी लिहिलं आणि तुम्हाला वाचून दाखवलं. “‘आई, मी तानाजी बोलत आहे. येथे फार थंडी आहे.’”

“ह्यो कोन मास्तर?”

“तानाजी, आक्का.”

“माजा तान्या आसं बोलंल व्हय? आगं, तुजी मराटी इस्तरीची हाय, पोरी. घडी मोडंना.”

तीनदा लिहिलं मी ते. जसं तो बोलला तसं, ‘हाय’ आणि ‘लय’ आणि ‘बगाय लागतंय’ सकट. भाऊसाहेब म्हणाले, कोर्टात हसतील. मी म्हटलं, “हसू दे.” त्यांना उलट बोलण्याची ती माझी पहिली वेळ. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

आणि टेप दाखल करायला गेलो ती दुपार! कारकुनाच्या यादीत रकाने होते: दस्ताचं वर्णन, तारीख, पानं. “पानं किती लिहू?” त्यानं मला विचारलं. मी काहीतरी इंग्रजीत पुटपुटले. “बाई, पानं सांगा, त्याबिगर यादी पुढं जात नाही.” शेवटी त्यानंच ‘एक’ लिहिलं. मग सवयीनं फाइल ओढली, कॅसेट तिच्यावर ठेवली आणि शिवायला दाभण उचललं.

“आरं थांब मुडद्या! पोरगं हाय माजं त्यात!”

सगळी खोली वळली. मला जमीन दुभंगावी असं झालं. पण कारकून चिडला नाही. त्यानं दाभण खाली ठेवलं. “आवं आजी, मला काय ठावं? आजवर हितं कागूदच आल्यात.” मग त्यानं जाड पाकीट शोधलं, कॅसेट आत सरकवली, आणि लाख वितळवताना मेणबत्ती हातभर लांब धरली, आच लागू नये म्हणून.

“परत कवा देनार?” तुम्ही विचारलंत.

“निकाल लागल्यावर.”

“तवर ऐकाय मिळायचं न्हाई?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कपाटाकडं.

खरं सांगायचं तर त्याच्या आठवडाभर आधी तुम्ही मला विचारलं होतंत, बाजारातल्या रेडिओच्या दुकानात अशीच दुसरी टेप काढून मिळते म्हणं. मी म्हटलं, नको, कायद्याला ते आवडत नाही. असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही, आक्का. दोन टेपा असल्या तर खरी कुठली म्हणून विचारतील, अशी मला भीती वाटली, आणि माझ्या भीतीला मी कायदा म्हटलं. तुम्ही विश्वास ठेवलात. आठ महिने तुम्ही पोराचा आवाज ऐकला नाही. शेवटपर्यंत ऐकला नाही.

तारखेला तुम्ही यायचात. हौसाचा खाडा व्हायचा. तुम्ही कोर्टाच्या दाराशी न बसता नाझरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचात. मी एकदा म्हटलं, पुकारा तिकडं होतो. “हितं बरं वाटतं,” तुम्ही म्हणालात. मला कळायला दोन तारखा लागल्या.

आता ते, जे लिहायला मी इतका वेळ लावला.

तुमच्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मी माधवनगरला आले. भाऊसाहेबांनी पाठवलं नव्हतं, मी माझ्या मनानं आले. जुने निकाल वाचून वाचून माझी झोप गेली होती. पुसलेली टेप म्हणजे संशयाची टेप, प्रत्येक पानावर तेच. मी म्हटलं, “आक्का, तुमच्या आवाजाच्या जागी आधी काय होतं असं विचारलं, तर सांगा की तिथं टेप मोकळी होती. तानाजीनं तुमच्यासाठी जागा सोडली होती.”

“मोकळी न्हवती की. त्यो बोलत व्हता तितं.”

“ते कोणाला माहीत आहे?”

“मला हाय.”

“आक्का, हौसासाठी. एवढंच.”

तुम्ही बराच वेळ शेंगा सोलत राहिलात. मग “बरं” म्हणालात. मला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून कॅसेट टेबलावर ठेवली. तुमच्यापासून चार हातांवर. भाऊसाहेबांनी टेपचे प्रश्न आधी घेतले, लग्नाचे मागं ठेवले. तेवढ्यात समोरचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी त्यांना थांबवून स्वतःच विचारलं, “आजी, मुलाच्या बोलण्यात तुमचा आवाज आलाय. तिथं आधी काय होतं?”

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी फाइलीत.

“त्येचं बोलणं व्हतं, सायेब. माज्या हातनं पुसलं. ल्योक बोलत असताना म्या मदी तोंड घातलं.” आणि तुमचा आवाज फुटला. त्या अर्ध्या मिनिटावर तुम्ही आमच्यासमोर आजवर नुसत्या हसला होता.

“हे बोलायचं नाही असं कोणी शिकवलं होतं का तुम्हाला?” समोरच्या वकिलांनी मध्येच विचारलं.

मला वाटलं, संपलं. तुम्ही डोळे पुसलेत. “मला कोन शिकवनार? माजं वय बगा.”

लोक हसले. टंकलेखकानं ते वाक्य टाइप केलं. तानाजीच्या टेपबद्दल खोटं बोलायला तुमची जीभ रेटली नाही, आणि माझ्यासाठी रेटली. शपथेवर.

टेप त्या दिवशी वाजलीच नाही. पुसलेली टेप लावायची की नाही, यावर आधी युक्तिवाद ऐकू, न्यायाधीश म्हणाले.

“आवं सायेब, समोर तर हाय. येकदा वाजवा, आन मग ठरवा.”

“आजी, ऐकायचं की नाही तेच तर ठरवायचंय.” ते काही वाईट सुरात म्हणाले नाहीत. त्यांनाही पुस्तकात यापुढचं पान सापडत नव्हतं, असं मला वाटलं. साक्ष अर्धी राहिली. कॅसेट पुन्हा पाकिटात गेली.

बाहेर आल्यावर तुम्हाला भूक लागली होती. कोर्टाच्या भिंतीला टेकून आपण भडंग खाल्लं. मी ‘आक्का’ एवढंच म्हणाले.

“भ्याली व्हतीस म्हणून म्हणालीस तसं,” तुम्ही म्हणालात. “भ्यायचं न्हाई, पोरी. मिरच्या काडून टाक, तुला सोसायच्या न्हाईत.”

माफी मागायला मला जागा होती, वेळ होता. मी मिरच्या काढल्या.

टेप लावायची परवानगी देणारा हुकूम झाला तेव्हा तुम्ही तापानं पडला होता. मी सांगायला आले. “कवा?” तुम्ही विचारलंत. मी तारीख सांगितली. तुम्ही बोटांवर दिवस मोजलेत आणि म्हणालात, “लय लांब ठिवली.” चौथ्या दिवशी गेलात.

कृष्णेवर मी घाटाच्या वरच्या पायरीवर लांब उभी होते. अग्नी थोरल्यानं दिला. सगळं आटोपल्यावर तो पायऱ्या चढून सरळ माझ्याकडं आला. मी घाबरले.

“वकीलीणबाई, आईचा आवाज हाय म्हणं त्यात?”

“आहे.”

“किती?”

“अर्ध्या मिनिटाचा.”

तो पाण्याकडं बघत राहिला. “आन तान्या?”

“तोही आहे.”

त्याचा जबडा हलला. मला वाटलं, आता हा काहीतरी म्हणेल. त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि गेला. आक्का, त्या क्षणीही माझ्या डोक्यात आलं काय, तर याला साक्षीदार करता येईल का. मला माझीच किळस आली.

भाऊसाहेबांनी तुमच्या दहाव्यानंतर फाइल उघडली. तुमची अर्धी साक्ष, उलटतपास न झालेली, तिच्यावर कोर्ट फार भिस्त ठेवणार नाही. उरलं काय? “ते अर्धं मिनिट,” ते म्हणाले. “तानाजी जिवंत होता, भांडण नव्हतं, वकील नव्हता. आई मुलाला ‘तुजी बायकू’ म्हणते. याहून सरळ पुरावा मी पाहिलेला नाही.” ज्या तुकड्याची मला लाज वाटली, जो मी मोकळी जागा म्हणून लपवायला निघाले, त्यावरच आता हौसाचं लग्न उभं आहे. तुम्ही मध्ये बोलला नसतात तर आज आमच्याकडं काहीही नसतं.

पण तो आवाज तुमचा, आणि टेप ऑफिसात आली त्या दिवशी होती तशीच आहे, हे शपथेवर सांगायला कोणीतरी हवं. हौसाचा स्वतःचाच दावा. गावातलं कोणी थोरल्याविरुद्ध उभं राहत नाही. टेप पहिल्या दिवशी ऐकलेली माणसं दोनच, आणि भाऊसाहेबांना खटला चालवायचाय. वकीलपत्रावरचं माझं नाव मी कमी करून घेतलं. साक्षीदाराला त्याच खटल्यात वकील राहता येत नाही.

साताऱ्याला दोन दिवस घरी जाऊन आले. येताना गाडीत रहिमतपूरला एक म्हातारी चढली आणि माझ्या मागून म्हणाली, “सरक गं पोरी.” मी दचकून वळले. तुमचाच आवाज. ती तुमच्यासारखी मुळीच नव्हती, ठेंगणी, गोरी.  दोन शब्दांनी फसणारी मी, शपथेवर कसला आवाज ओळखणार? मग डोळे मिटून तुम्हाला आठवत राहिले. वाक्याच्या शेवटी ‘बग’ म्हणताना तुम्ही श्वास आत ओढता. कोणी हसलं की मिनिटभरानं हसता. ‘बाळा’ म्हणताना आवाज खाली जातो, वर नाही. माधवनगर जाईपर्यंत मला खात्री होती. आवाज मी ओळखीन.

मग भाऊसाहेबांनी विचारलं, “उलटतपासात येईल, आक्कांना कोणी पढवलं होतं का. काय सांगशील?” तेव्हा मी त्यांना सांगितलं, त्या दुपारचं सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “विचारलं तर खरं सांग. नाही विचारलं तर...” आणि वाक्य तसंच सोडलं.

नाही विचारलं तर गप्प बसायचं. बसता येईल, आक्का. फार सोपं आहे, जन्मभर तेच केलंय मी. आणि मी बोलले तर? समोरचे वकील म्हणतील, म्हातारी शपथेवर खोटं बोलली, मग तिच्या टेपवरच्या बोलण्यावर विश्वास का ठेवायचा? माझं मन हलकं करायला मी हौसाचा संसार पणाला लावायचा का? हेच तिला विचारायचं होतं. तिसऱ्यांदा गिरणीच्या फाटकाशीच जाऊन उभी राहिले. जेवणाच्या सुट्टीत ती आली, केसांत कापसाचे तंतू घेऊन.

मी सगळं सांगायच्या आधीच ती म्हणाली, “मला म्हायती हाय. त्या दिशी घरी येऊन आत्याबाई देवाम्होरं बसल्या. लय येळ. म्या इचारलं तर म्हणाल्या, आज येक खोटं बोलले, पर पोरगी नवी हाय.”

“मी खरं सांगितलं तर तुझं नुकसान होईल कदाचित.”

ती डब्याचं झाकण उघडत, लावत राहिली. “व्हईल. पर त्येंच्या तोंडावर ते खोटं ऱ्हाऊ देऊ नगा, बाई. माज्यापायी त्येंनी घर सोडलं.” मग भोंगा झाला आणि ती आत गेली, अर्धी भाकरी तशीच ठेवून.

मी तुमचे आभार मानायला हे लिहायला बसले होते. तुम्ही मला इस्त्री न केलेली मराठी लिहायला लावलीत, भाऊसाहेबांना उलट बोलायला लावलंत. ते सगळं बाजूला राहिलं. तुमच्यावर माझा राग आहे, हेही खरं. तुम्ही तिथल्या तिथं माझं नाव घ्यायला हवं होतं. मला शरम वाटली असती, शिक्षा झाली असती, पण हे मागं उरलं नसतं. आणि राग आला की लगेच तुमची ती नजर आठवते, फाइलीत बघणाऱ्या माझ्यावरून सावकाश काढून घेतलेली.

सोमवारी पाकीट फुटेल. तानाजी तुम्हाला विचारेल, तुम्ही उत्तर द्याल, आणि कोर्टात ते ऐकायला तुम्ही सोडून सगळे असतील. थोरलाही असेल. मग मला पिंजऱ्यात बोलावतील. माझा आवाज बारीक आहे, न्यायाधीश नक्की म्हणतील, मोठ्यानं बोला. मला आवाजाचं विचारतील, टेपचं विचारतील. पुढचं कोणी विचारेल की नाही, ठाऊक नाही. वाट बघायची नाही असं मी ठरवलंय. टंकलेखकाला उतरवून घेता येईल इतक्या सावकाश सांगेन:

हा आवाज त्यांचा आहे. टेपबद्दल खोटं बोलायला त्यांना मी सांगितलं होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं नाही. त्यांच्या साक्षीत खोटं वाक्य एकच आहे, ते माझ्यासाठी आहे, आणि ते आता खोडावं.